गुरुजींच्या पायऱ्यांचा उतार

निलंग्यात बसवंत मिस्त्रीनं बांधलेली घरं पन्नासेक तरी असतील, पण बाजारात नाव निघायचं ते शिवशंकर गुरुजींच्या पायऱ्यांचं. तेही वाईट! पाऊस आला की पायऱ्यांवरचं पाणी उंबऱ्याकडं धावायचं, भिंतीत मुरायचं अन् बैठकीचा गिलावा पापडासारखा फुगून पडायचा. गुरुजी येईल त्याला ती भिंत दाखवायचे. "ही बसवंताची करामत!" दोन वर्षांत बसवंतची चार कामं हातची गेली.

खरी गोष्ट निराळीच होती. उतार आत ठेव, असं गुरुजींनीच बजावलं होतं. "बाहेर उतार दिला तर घरातली लक्ष्मी वाहून जाते, गाढवा!" चौथीत ज्यांच्या छड्या खाल्ल्या, त्यांच्याशी वाद कोण घालणार? बसवंतनं मुकाट्यानं ऐकलं होतं.

यंदा मिरगाच्या आधी गुरुजींच्या बायकोनं, गौरम्माकाकूंनी, त्याला बोलावणं धाडलं. पायऱ्या नव्यानं करायच्या. गुरुजी खुर्ची टाकून बसलेच होते. "उतार आतच पायजे!"

"हाव गुरुजी. पर फोडायच्या आधी एकडाव लक्ष्मी कशी येते ते तर बघू. तुमी आत मांडी घालून बसा."

गुरुजी ऐटीत बसले. काकूंनी बादली भरून दिली, बसवंतनं ती वरच्या पायरीवर ओतली. पाणी सुळकन उंबरा ओलांडून थेट गुरुजींच्या धोतराखाली!

"आली का लक्ष्मी?" बसवंतनं बाहेरून विचारलं. काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"कर बाबा, बाहेर कर उतार," गुरुजी धोतर पिळत म्हणाले.

वरची पायरी उंबऱ्याच्या चार बोटं खाली घेतली, प्रत्येक पायरीला रस्त्याकडं जरासा उतार दिला. काम फक्कड झालं, पण बसवंतचं मन मानेना. लोक म्हणणार, पहिल्यांदा चुकला म्हणूनच परत बांधलं. बाजूच्या कठड्याचं सिमेंट ओलं होतं. त्यानं काकूंना मनातलं सांगितलं, अन् काकूंनी गुरुजींच्या हातात खिळा दिला. "लिहा इथं खरं काय ते. न्हाईतर उद्यापासून भाकरी तुमच्या लक्ष्मीच्या हातची खावा."

गुरुजींनी दात-ओठ खात कोरलं : 'आधीचा उतार माझ्या हट्टाने. मिस्त्रीचा दोष नाही.'

दुसऱ्या दिवशी, सिमेंटला ओल पाहिजे म्हणून, त्यांनी अक्षरांवर भिजलं गोणपाट टाकलं. आठवडाभर ठीक होतं हो! पण महिना झाला, पाऊस सुरू झाला, बैठकीची भिंत ठणठणीत कोरडी राहिली, तरी गुरुजी आपले गोणपाट भिजवतायत.

एवढ्यात नवं घर बांधायला निघालेला मल्लिनाथ बसवंतच्या कामाची चौकशी करायला आला. बसवंतही सोबत होता. एवढं काम मिळालं तर त्याचं नाव परत वर येणार होतं. काकूंनी गोणपाट ओढून काढलं. मल्लिनाथनं वाचलं अन् खो खो हसला.

"हे मिस्त्रीनंच खरडलं असंल! अक्षर बघा की कसं वाकडंतिकडं हाय."

बसवंतचं तोंड एवढंसं झालं.

पण गुरुजी ताडकन उठले. "बसवंतनं? अरे, चौथीत त्याला सोताचं नाव धड काढता येत नव्हतं! अक्षर माझं हाय, माझं! अन् चूकबी माझीच!"

मल्लिनाथनं तिथंच बसवंतला पायाभरणीचा दिवस विचारला. गुरुजी मात्र अजून कठड्याशी वाकून मल्लिनाथला अक्षरांचं वळण दाखवत होते.