फ्रीजरमधली बाटली

समस्तांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, या फ्रीजरमध्ये एक बोटाच्या पेराएवढी बाटली असून तिला माझ्याखेरीज कोणीही हात लावू नये.

प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की घसा खाकरून मी ही घोषणा करायचे. बाटलीत अँटिबॉडी होती. हजार प्रोटीनांच्या गर्दीतून एकालाच नेमकं धरणारी. आमची धरायची ते एन्झाइम, ज्याच्या जोरावर पेशी ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट तयार करते. नमुन्यात एन्झाइम असेल तर स्क्रीनवरच्या चित्रात काळी पट्टी उमटायची. इतकी देखणी, की मी पाहुण्यांना बोलावून दाखवायचे.

खाप्याहून रोज बसने येणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीची तीन वर्षांची सगळी पीएचडी त्या पट्टीवर उभी होती. संत्र्याच्या सालीचा अर्क दिला की पट्टी गडद होते, म्हणजे एन्झाइम वाढतं, असा तिचा प्रबंध. सुरुवातीलाच ती म्हणाली होती, "मॅडम, बाटली खरी हाय का, ते एकदा तपासून पाहू का?"

"तपासण्यात थेंब वाया घालवायचे नाहीत," मी म्हटलं. मोठ्या रुबाबात.

प्रबंध द्यायला महिना उरला आणि एका परीक्षकांनी विचारलं, ज्या पेशींत हे एन्झाइम नाहीच, त्यांत पट्टी दिसत नाही ना? मी हसून म्हटलं, कशी दिसेल? तरी ओळखीच्या प्रयोगशाळेतून तशा पेशी मागवल्या आणि नेहमीच्या पेशींशेजारी लावल्या.

दुपारी स्क्रीनवर चित्र उमटलं. डावीकडे, नेहमीच्या पेशींत, पट्टी. उजवीकडे, जिथे एन्झाइमच नव्हतं आणि कोरं हवं होतं, तिथेही पट्टी. तितकीच काळी, तितकीच देखणी.

मी चित्र मोठं करून पाहिलं. मग तिच्याकडे वळले.

"नमुने उलटे भरलेस तू."

"दोन्हीकडं सारखीच हाय न मॅडम. उलटे भरले तरी काय फरक पडते?"

मी स्टुलावर बसले. तिने कपाटातून तिन्ही वर्षांच्या वह्या काढल्या, टेबलावर ठेवल्या. पानापानावर पट्ट्यांची चित्रं चिकटवलेली होती आणि प्रत्येकाखाली माझी लाल शाईतली शाबासकी. दोन-चार पानं उलटून ती थांबली आणि भर प्रयोगशाळेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मंग मॅडम, तीन वर्षं आपन मोजून कोनाले राह्यलो होतो?"