सदर म्हैस जिवंत आहे

उमरग्याजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नोंदी करतो. आधी त्या रजिस्टरात व्हायच्या आणि रकाना कोरा दिसला की तपासणीला आलेले साहेब त्याभोवती लाल गोल करायचे. ती भीती इतकी मुरली की मला कोरी जागा बघवत नाही.

मग संगणक आला. पडद्यावर प्रत्येक जनावरापुढं पाच रिकामे चौकोन: लस दिली, कानाला बिल्ला मारला, गाभण, विकले, मृत. क्लिक केलं की खूण उमटते. पहिल्याच म्हशीचे पाचही चौकोन भरून मी नोंद सेव्ह केली. म्हणजे मिनिटभरात तिला गाभण ठरवली, विकली आणि मारली. तेवढ्यात वीज गेली म्हणून गावातली बाकीची जनावरं वाचली.

वीज आल्यावर शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, "लागू असेल तेवढ्यावरच खूण करा." तेव्हाच बोललो असतो तर त्यांनी दुरुस्त करून दिलं असतं. लाजेनं गप्प बसलो.

चार महिन्यांनी म्हशीचा मालक, एक म्हातारे धनगर, तिला घेऊन दाराशी आले. लेक कर्नाटकात बाळंत झाली होती, तिच्याकडं म्हैस न्यायची होती. त्यासाठी आमचा दाखला हवा होता. तो निघेना. 'मृत'वरची खूण करडी होऊन बसली होती, कितीही क्लिक केलं तरी हलेना.

"काय म्हणतंय?"

"मामा, संगणकाच्या चुकीनं म्हैस मेलेली दाखवतंय."

ते दाराबाहेर डोकावून आले. "रवंथ करालीय की."

मग त्यांनी संगणकाला शिव्या घातल्या आणि मी मान हलवत राहिलो. लेक बाळंतपणात पिशवीचं दूध पितेय, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी माऊस बाजूला सारला.

"मामा, ती खूण मीच केलीय."

"का?"

"चौकोन रिकामा होता."

"तुमच्या हाती माणसांची खानेसुमारी देऊ न्हाय. आमी समदे गाभण निघू."

खूण जिल्ह्याच्या कचेरीतच निघते. 'सदर म्हैस जिवंत आहे' असा अर्ज लिहिला. कारणापुढं 'तांत्रिक अडचण' लिहिलं होतं, ते खोडून 'माझी चूक' लिहिलं आणि स्वतः धाराशिवला जाऊन दिला. आठवड्यानं दाखला निघाला.

म्हैस टेम्पोत चढली. मामांनी दाखला खिशात घातला.

"साहेब, ती निघाली म्हणून आता कुठं टिचकी मारू नका. परत आणायचीय."

टेम्पो वळेपर्यंत मी हात मागं बांधून उभा होतो.