मानसीने वाचलेल्या चार ओळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुला सांगतेय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

चारकोपला एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी संध्याकाळचा वर्ग घ्यायचे. तिसरी-चौथीत येऊनही ज्यांना वाचता येत नव्हतं, अशी मुलं माझ्याकडे. मी चांगलं शिकवते, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

मानसी तिसरीत होती. 'घ' आणि 'ध'मध्ये कायम गोंधळायची. ती चुकली की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या — हा नियम माझा. मुलांना मजा यायची. आणि मानसी? तीही त्यांच्यासोबत टाळ्या वाजवायची. त्याचाच मला राग यायचा. रडत का नाही ही?

वर्षअखेरीला वर्ग चालवणाऱ्या संस्थेची माणसं चाचणी घ्यायला येणार होती. बाकी सगळी मुलं धडाधड वाचत होती. एकट्या मानसीमुळे माझा निकाल शंभर टक्के लागणार नव्हता — एवढंच. पुढे मी जे केलं, त्याला दुसरं कारण नाही. मी शोधून पाहिलंय.

आदल्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. "बाई, बघा ना!" म्हणाली, आणि बोट ठेवून चार ओळी वाचल्या. अडखळत — पण वाचल्या. बरोबर वाचल्या. मी काय केलं? पुस्तक मिटलं.

तेवढ्यात तिची आई न्यायला आली. पॅकिंगच्या कामावरून थेट. मानसीसमोरच मी म्हणाले, "ताई, हिच्या डोक्यात काही शिरणार नाही. उद्यापासून पाठवू नका. गावीच ठेवा हिला."

मानसी माझ्याकडे बघत राहिली. आत्ताच तर वाचलं होतं ना तिनं? पण तिनं दप्तर उचललं. बाई म्हणतात म्हणजे खरंच असणार.

निकाल शंभर टक्के लागला. माझा सत्कार झाला. मी नवी साडी नेसले होते.

परवा, सहा वर्षांनी, तिची आई बाजारात भेटली. मानसी देवगडला मामाकडे असते. शाळा तेव्हाच सुटली. आता काजूच्या कारखान्यात जाते. आईनं माझा हात धरला. "बाई, तुमी खरा सांगितलात ता बरा झाला. नायतर पोरीची वर्सां फुकट गेली असती."

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? 'ती वाचत होती हो' — एवढंच?

मी म्हणाले, "हो ना. सगळ्यांनाच नाही जमत ते."