पडद्याबाहेरचे तीन ठोके

कारखान्यात तिला सगळे कातरबाई म्हणत. डब्याची शिवण कापून आतून तपासायची, हे तिचं काम. हातात पत्रा कापायची कातर, डोळ्याला भिंग, आणि जिभेला दोन्हींपेक्षा जास्त धार, असं लोक म्हणत. उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. ते कशाने वाकडं झालं हे जुन्यांना ठाऊक होतं, आणि नव्यांची विचारायची छाती होत नव्हती.

कारखाना पत्र्याच्या डब्यांचा. झाकणाची कड डब्याच्या कडेत अडकवायची, एका चाकाने ती वळवायची, दुसऱ्या चाकाने दाबायची. सगळा खेळ एवढाच. पण ही दोन चाकं केसभर जरी इकडची तिकडे झाली, तरी शिवण खोटी पडते. खोटी शिवण बाहेरून सुरेख दिसते, आत मात्र कडेने कडेला धरलेलंच नसतं. काही दिवसांनी असा डबा कुणाच्या तरी फळीवर फुगतो, गळतो, वास मारतो. कातरबाईने असे डबे आयुष्यभर कापले होते. माणसांकडेही ती त्याच नजरेने बघायची.

चाकं लावायचं काम सेटरांचं. त्यांची एक रीत होती. मशीन लावायला घेतली की सेटर भोवती ताडपत्रीचा पडदा ओढून घ्यायचा. विचारलं तर म्हणायचा, धूळ नको. धूळ कसली? डोळे नकोत. मदतनिसाने पडद्याबाहेर उभं राहायचं, खालून हात बाहेर आला की मागितलेला पाना त्या हातात ठेवायचा, आणि वापरून झालेला परत घ्यायचा. सगळ्यात जुन्या सेटराला लोक उस्ताद म्हणत. कातरीवर येण्याआधी बाई कित्येक वर्षं त्याचीच मदतनीस होती. त्याचा चेहरा तिने पाहिला असेल त्याहून जास्त वेळा त्याचा हात पाहिला होता: तेलकट, केसाळ, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा.

एकदा तिने पडद्याची कड बोटाने बाजूला केली. जरा दिसावं, एवढंच. आतून पाना आला तो थेट बोटावर. उस्ताद बाहेर येऊन म्हणाला, "चुकून लागला गं. पडद्यात बोट घालायचं असतं होय?"

सगळे हसले. तीही हसली. बोट तसंच बांधून तिने पाळी पुरी केली, आणि ते वाकडंच जुळलं. पुढे कंपनीने एका मदतनिसाला सेटरीचं शिक्षण द्यायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी तिने हात वर केला. साहेबांनी उस्तादाला विचारलं. तो म्हणाला, "हिच्या हातात मशीन दिलीत, तर डब्यांबरोबर कंपनीही गळेल." ते शिक्षण मग कुणालाच मिळालं नाही. तिला कातरीवर बसवलं.

त्या दिवसापासून तिने एकच गोष्ट उराशी धरली. हा माणूस कधीतरी माझ्यासमोर उभा राहील. पुढचं नंतर बघू. आधी उभा राहील.

बाहेर उभं राहून ती बरंच शिकली होती. आधी मोठा पाना, मग तार, मग छोटा पाना, पुन्हा तार, पुन्हा मोठा. तार म्हणजे ठरावीक जाडीची; दोन चाकांमधली फट त्या तारेने मोजायची. मधूनच किरकिर, मधूनच शांतता. आणि सगळं झालं की लाकडी हातोड्याचे तीन ठोके: ठक, ठक, ठक. पडदा सरकायचा, उस्ताद हात पुसत बाहेर यायचा. नंतर कातरीवर बसून ती त्याच मशीनचे डबे कापायची, आणि आपण बाहेर उभ्या असताना कुठला पाना किती वेळ आत राहायचा ते आठवायची. आठवणीला सुट्टी नव्हती.

मग दिवस पालटले. नदीपलीकडे नवा कारखाना उघडला, आणि जास्त पगाराच्या ओढीने उस्तादासकट सगळे सेटर तिकडे गेले. इकडे मशीन उभ्या आणि मदतनीस उभे. पडद्याबाहेर उभं राहण्यात आयुष्य गेलेल्या माणसांना आत काय आहे ते कसं कळणार? साहेब डोक्याला हात लावून बसले. वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या, पण सेटर काही झाडाला लागत नाहीत. शेवटी एका सकाळी बाई कातर खाली ठेवून उठली, मशीनपाशी गेली, मोठा पाना उचलला. पहिले डबे गळले, दुसरेही गळले. ती कापत गेली, बघत गेली, पुन्हा लावत गेली. दुपारपर्यंत शिवण खरी पडली. शेवटी तिने लाकडी हातोडा घेतला आणि तीन ठोके दिले. ते देताना तिच्या अंगावर काटा आला.

कंपनीला उशिरा का होईना, शहाणपण सुचलं. जुन्या गोदामाला रंग दिला, दारावर 'प्रशिक्षण विभाग' अशी पाटी लावली, शिकायला एक मशीन आणून ठेवली, काचेची केबिन केली आणि बाईला आत बसवलं. नियम झाला की या विभागाने पास केल्याशिवाय कुणीही मशीनला हात लावायचा नाही. पोरं आली, पोरी आल्या. बाईने शिकवायला घेतलं. पडदा तिने घडी करून केबिनमधल्या कपाटात ठेवून दिला होता.

"ते तीन ठोके कशाला असतात बाई?" एका मुलीने विचारलं होतं.

"धातू बसतो," बाई म्हणाली. "ठोकल्याशिवाय चाक आपली जागा मानत नाही." हे तिने स्वतःच ठरवलं होतं. कुणीतरी कारण द्यायलाच हवं होतं.

आणि एक दिवस साहेब केबिनमध्ये आले, खुर्ची ओढून बसले, नको तेवढे गोड बोलले. नदीपलीकडच्या कारखान्यात आपोआप लागणारी मशीन आली होती. सेटरांना घरी पाठवलं होतं. उस्ताद परत यायला तयार होता.

"अनुभवी माणूस आहे, बाई. थेट कामावर घेऊ या का?"

"घ्या ना. पण नियमाप्रमाणे. माझ्या वर्गातून."

"अहो, पण त्याला काय शिकवणार तुम्ही?"

"ते तो आल्यावर बघते."

संध्याकाळी तिने हे धाकट्या बहिणीला सांगितलं. दोघी एकत्र राहत. धाकटी शिवणकाम करायची आणि मोठीचं ऐकता ऐकता सुई ओवायची.

"मग आता काय करणार आहेस त्याचं? लोणचं?"

"बाहेर उभा करणार. पडद्याबाहेर."

"ताई, तो पडदा त्याने स्वतःच्या पैशाने आणला होता का गं? कंपनीच्या स्टोअरमधूनच मिळायचा ना? पडदे कंपनीने दिले, शिक्षण कंपनीने दिलं नाही, आणि राग मात्र सगळा त्या एका म्हाताऱ्यावर."

"कंपनीला तोंड नसतं," बाई म्हणाली. "थुंकायला समोर तोंड लागतं."

"बोट दुखतंय का?"

"नाही."

"मग चोळतेस कशाला?"

उस्ताद आला तेव्हा थकलेला दिसत होता. केस गेले होते, घड्याळ गेलं होतं, मनगटावरचा पांढरा पट्टाही उन्हाने पुसला होता. पण जीभ जागच्या जागी होती. "काय बाई, आता मला अ आ इ पासून सुरू करायचं म्हणे?"

"अ आ इ नंतर. आधी पाने द्या."

तिने कपाटातून पडदा काढला. पोरांनी तो कधी पाहिलाच नव्हता. तिने तो मशीनभोवती ओढला, आत गेली, आणि खालून हात बाहेर काढला. वाकडं बोट पुढे.

"मोठा पाना."

बाहेर पेटीत पाने खणखणले. मग पाना हातावर आला. आत, त्या ताडपत्रीच्या तेलकट अंधारात, तिला वाटलं की एवढ्यासाठीच आपण म्हातारे झालो. तिने मुद्दाम वेळ लावला. तार मागितली, परत दिली, पुन्हा मागितली. बाहेर तो पायावर पाय बदलत होता, हे तिला ऐकू येत होतं. आपण उभे होतो तसाच. सगळं झाल्यावर तिने हातोडा घेतला: ठक, ठक, ठक.

बाहेर उस्ताद हसायला लागला. आधी घशात, मग पोट धरून. तिने पडदा सरकवला, तर तो पाने ठेवायच्या पेटीवर बसून डोळे पुसत होता.

"अगं, हे काय? हे पण उचललंस?"

"धातू बसतो," मागून एक पोरगा मदतीला धावला.

"धातू बसतो!" उस्तादाला पुन्हा हसण्याची उबळ आली. "अरे, ही बाहेर कान लावून बसायची, ते मला कळत नव्हतं होय? म्हटलं, ऐकतेयस ना, मग हेही घे. तुझ्यासाठी ठोकायचो ते. तुझ्या एकटीसाठी. आणि तू ते सगळ्या पोरांना दिलंस!"

पोरांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. बाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिने हातोडा खाली ठेवला नाही. एवढी वर्षं तिच्या हातात तिचं म्हणून जे काही होतं, त्यात या माणसाने आपली थट्टा पेरून ठेवली होती, आणि ती तिने निगुतीने वाढवली होती. खोटी शिवण. बाहेरून सुरेख.

ती पडद्यापाशी गेली आणि एका हिसक्यात तो दोरीवरून ओढून काढला. कड्या खळखळत फरशीवर पडल्या.

"उस्ताद, उठा. आता तुम्ही लावा. सगळ्यांसमोर. प्रत्येक हालचालीला थांबायचं, काय केलंत आणि का केलंत ते सांगायचं. मग पास."

तो हसायचा थांबला. "असं उघड्यावर?"

"दार उघडंच आहे. जायचं असेल तर जा."

त्याने दाराकडे पाहिलं. दाराबाहेर नदी होती, आणि नदीपलीकडे आपोआप लागणारी मशीन. तो उठला.

"पडदा तरी लाव गं. अर्धा तरी."

"'अहो बाई' म्हणायचं."

"पडदा लावा, बाई."

"नाही."

त्याने पाना धरला, नटापर्यंत नेला आणि पुन्हा मागे घेतला. हा हात कुणी बघताना कधी चाललाच नव्हता. पोरं गोल करून उभी राहिली, काही जण वाकून बघू लागले, एक मुलगी तर अगदी त्याच्या कोपराशी आली. त्याने नट सैल केला.

"का?" बाई म्हणाली.

त्याने सांगितलं. तार घातली. का? सांगितलं. चाक पाव फेरा पुढे आणि जरासा मागे. का? "मागे घेतलं की ढिलाई निघते," तो पुटपुटला. हे बाईला माहीत नव्हतं. तिचे डबे इतकी वर्षं मधूनच का गळत, ते तिला आत्ता कळलं. चेहऱ्यावर काही न दाखवता तिने ते घेतलं. पोरांनीही घेतलं. उस्तादाने आयुष्यभर दडवलेलं सगळं भर उजेडात त्याच्या खिशातून निघत होतं, आणि निघता निघता तो लहान होत होता.

मग त्याने अंगठ्याला थुंकी लावली आणि चाकाच्या कडेवरून फिरवली.

"का?"

"असंच करायचं असतं."

"का पण?"

"माझे उस्ताद करायचे."

"त्यांनी दाखवलं तुम्हाला?"

त्याने अंगठ्याकडे पाहिलं. पोरं वाट बघत होती. "दाखवलं नाही," तो म्हणाला. "बाहेर उभा असायचो ना मी. थुंकल्याचा आवाज यायचा."

या वेळी कुणी दाबून हसलं नाही. सगळी खोली मोकळी हसली. "कदाचित नुसता खोकला झाला असेल त्यांना!" एक पोरगा म्हणाला, आणि पुन्हा हशा. उस्ताद ओला अंगठा धरून उभा होता. त्याने बाईकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते तिला नेमकं कळलं. पडद्याबाहेर उभं राहिलेलं माणूस दुसऱ्या तशाच माणसाला लगेच ओळखतं. तिला तिथे थांबता आलं असतं.

"का?" ती म्हणाली.

"माहीत नाही."

"मोठ्याने."

"माहीत नाही, बाई."

तिने त्याला पास केलं. नियम म्हणजे नियम. साहेबांना वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. पण कुणाला कुठे नेमायचं, हेही बाईच्याच हातात होतं. चाकं लावायला पोरं तयार झाली होती. पाव फेरा पुढे आणि जरासा मागे, आता सगळ्यांना येत होतं. उस्तादाला तिने मदतनीस नेमलं. पाने द्यायचे, परत घ्यायचे, पुसून ठेवायचे.

"आणि हो," ती म्हणाली, "शेवटचे तीन ठोके तुम्ही द्यायचे. प्रत्येक मशीनला."

"त्याने काही होत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणूनच."

ठोके तो देतो. एखादी मशीन लागली की पोरगी पाना परत देते, म्हणते, "उस्ताद, चला," आणि तो हातोडा उचलतो. काचेच्या केबिनमध्ये बाई डबे कापत असते. बोट थंडीत ठणकतं, तेव्हा ती ते चोळते. ठोके ऐकू आले की कातर थांबते. एक, दोन. तिसऱ्यापर्यंत ती श्वास धरून ठेवते, आणि मग पुढचा डबा कापायला घेते.