वसुमतीने शेठचं खातं मिटवलं

काळजी करणं हा वसुमती अंभिरेचा जोडधंदा. मुख्य धंदा शाळेचे गणवेश शिवण्याचा. डहाणूत मल्याणला घराच्या तळमजल्यावर तिची शिलाई मशीनं चालत आणि वरच्या मजल्यावर तिचं डोकं. पाऊस लवकर आला तर कापड भिजेल, उशिरा आला तर शाळा उशिरा उघडेल. मुलगी मुंबईला हॉस्टेलवर. तिने फोन उचलला नाही तर ती आजारी, लगेच उचलला तर अभ्यास सोडून बसलेली. नवरा दिपक रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता. त्याचं म्हणणं, जगातल्या निम्म्या गोष्टी आधी वसुमतीच्या डोक्यात घडून जातात आणि उरलेल्या निम्म्या तिच्या नजरचुकीने घडतात.

२०१८ च्या सुरुवातीला तिच्या नजरचुकीने क्रेडिट कार्ड घडलं.

जीएसटी आल्यापासून तिच्या हिशेबनीसाने लकडाच लावला होता, की धंद्याचा खर्च बँकेतून दिसू द्या. ही बातमी बँकांना कशी लागली कोण जाणे, पण गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशी कार्डवाली पोरं येऊ लागली. पहिला आला विनोद. भर उन्हात टाय, टायच्या वर घाम.

"मॅडम, लाइफटाइम फ्री."

"कोणाच्या लाइफटाइम? तुझ्या की माझ्या?"

हे विनोदला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं. "कार्डाच्या, मॅडम."

"आणि कार्ड मरतं कधी?"

"पाच वर्षांनी. मग नवीन येतं."

काज-बटणाच्या मशीनवर हिराबाई बसली होती. ती दुकानात वसुमतीइतकीच जुनी आणि जिभेने वसुमतीहून मोकळी. ती मान वर न करता म्हणाली, "बाय, याला पाणी दे. फुकट द्यायला आलेला माणूस लई थकतो."

वसुमतीने चार बँकांची पत्रकं इस्त्रीच्या टेबलावर मांडली, चुरगळली होती म्हणून त्यांवरून इस्त्रीही फिरवली, आणि चष्मा लावून तळाची मुंगीएवढी अक्षरं वाचायला घेतली. वर मोठ्या टाइपात 'वार्षिक फी शून्य' आणि शेजारी एक तारा. ते तारे तिने सगळे शोधून काढले. एका कार्डाची फी पहिल्या वर्षीच शून्य होती. दुसऱ्याची कायमची माफ, पण वर्षात त्यावर इतका खर्च केला तर, की तेवढ्यात तिने अख्ख्या तालुक्याला कपडे घातले असते. तिसऱ्यावर विमानतळाच्या विश्रामकक्षात मोफत जेवण होतं.

"डहाणूत विमान कुठे उतरतं रे?" तिने विनोदला विचारलं.

"मॅडम, मुंबईला."

"म्हणजे फुकट जेवायला मी आधी तिकीट काढू?"

चौथं कार्ड पेट्रोलवर पैसे परत देत होतं, पण एकाच कंपनीच्या पंपावर. तलासरीकडचा माणूस पेट्रोल भरायला हद्द ओलांडून गुजरातेत जातो, कारण तिकडे स्वस्त. तिथे तो कंपनीची पाटी बघत नाही, आकडा बघतो.

वसुमतीने लग्नाची स्थळं पाहावीत तशी कार्डं पाहिली. काही नको, फक्त मुलगी द्या म्हणणारी माणसंच लग्नाच्या आदल्या दिवशी स्कूटर मागतात, हे तिला बहिणीच्या लग्नापासून पाठ होतं. तेव्हा ज्या कार्डाला रूप नव्हतं, भेट म्हणून बॅग नव्हती, विमानतळ नव्हता, ते तिने निवडलं. फी आज नाही, पुढे नाही, अट नाही, शंभराच्या खरेदीवर एक रुपया परत. विनोद हिरमुसला, कारण त्याला बॅगवाल्या कार्डावर कमिशन जास्त होतं.

"कार्डाला एवढं पारखलंस," दिपक म्हणाला. "मला तर पोह्यांची बशी आत जायच्या आधी हो म्हणाली होतीस."

"तुमची फी मागाहून कळली."

कार्ड गुणी निघालं. बटणं, चेन, दोरे ऑनलाइन मागवले की महिनाअखेर काही रुपये खरंच परत यायचे. पण बटणांवर किती येणार? वसुमतीच्या डोक्यात हिशेब फिरू लागला. खरा खर्च कापडाचा, आणि कापड येई वापीच्या रमणीकभाई शेठकडून.

रमणीकभाईंशी तिचा अकरा वर्षांचा व्यवहार. मे महिन्यात ती फोन करी, शेठ कापडाचे ताके पाठवून देत, शाळांनी पैसे दिले की ती वापीला जाऊन देऊन येई. लेखी काही नाही, तोंडचा शब्द. यंदा एका शाळेने पैसे थकवल्यामुळे मागच्या हंगामाची बरीच रक्कम राहिली होती. ती कार्डावर फेडली तर? शेठचे पैसे मोकळे, बँक आपल्याकडे मागणार जवळजवळ दीड महिन्याने, तोवर शाळेचे येणार, आणि वर एक टक्का परत. तिने हा हिशेब तीनदा तपासला. इतक्या काळजीवाहू बाईला यात एकही खोट सापडली नाही, हीच खरी काळजीची गोष्ट होती.

एप्रिलमध्ये ती वापीला गेली. शेठ जेवायला गेले होते. गल्ल्यावर त्यांचा पुतण्या जिगर, त्याच्यापुढे नवंकोरं स्वाइप मशीन.

"मावशी, कार्डावर दोन टक्के वर लागतील."

"एक टक्का मिळवायला मी दोन टक्के घालू? मी काय उगीच बी.ए. केलं?"

जिगरला मशीन चालवायची इतकी हौस होती की त्याने दोन टक्के सोडून दिले. "किती घेऊ?"

"सगळे. एकदम."

मशीनमधून चिठ्ठी सरसरत आली. जिगरने तिला थंडा पाजला. पुढच्या बिलात पैसे परत आलेले दिसले तेव्हा तिने सगळ्या बायकांना बटाटेवडे खिलवले. हिराबाई चाटूनपुसून खाऊन म्हणाली, "बँकेच्या पैशाचा वडा जरा तेलकटच लागतो."

मे उजाडला. वसुमतीने नेहमीसारखा फोन लावला. एरवी रमणीकभाई आधी मुलीची चौकशी करत, मग आंब्यांची, मग वसुमतीच्या ब्लडप्रेशरची, आणि फोन ठेवता ठेवता कापडाची. या वेळी ते नुसतं म्हणाले, "जय श्रीकृष्ण. बोला."

आंब्यांचं तयार ठेवलेलं उत्तर बाजूला सारून वसुमती थेट कापडावर आली.

"शेठ, तलासरीच्या शाळेची मरून रंगाची चौकडी. दरवर्षीसारखी."

"ए माल तो गयो, बेन. भिलाडच्या टेलरला दिला."

"असं कसं? माझं कापड!"

"तुम्ही खातं बंद केलं. मला वाटलं, तुम्हाला दुसरा कोण मिळाला." आणि फोन ठेवला.

तलासरीची शाळा म्हणजे तिचं निम्मं वर्ष. ती शाळा गेली तर सहापैकी तीन मशीनं झाकून ठेवायची आणि तीन बायकांना घरी बसवायचं. भिलाडचा टेलर दोन वर्षं त्या शाळेच्या फाटकाशी घुटमळत होता, आणि आता चौकडीही त्याच्याकडे. वसुमतीने आधी तलासरी गाठली आणि मुख्याध्यापकांना विचारलं, या वर्षी साधा मरून चालेल का?

"बाई, ती चौकडी ट्रस्टींच्या सौभाग्यवतींनी निवडलीय," मुख्याध्यापक आवाज खाली आणून म्हणाले. "शाळेचं नाव बदलता येईल एक वेळ. तुम्हाला जमत नसेल तर सांगा. तो भिलाडवाला काल येऊन गेला."

"जमतंय हो. सहज विचारलं," म्हणत ती उठली, ती थेट हायवेला जीपमध्ये बसली, भिलाडला उतरली, तिथून वापी.

रमणीकभाई गादीवर होते. पाणी आलं, पण चहा आला नाही.

"शेठ, मी पैसे बुडवले असते तर तुम्ही रागावला असता. मी पूर्ण दिले म्हणून रागावता?"

"अकरा वर्षांत कधी पूर्ण दिले होते? दर वेळी मी एक नोट तुमच्या हातात परत ठेवत होतो, ती काय मला जड झाली होती?"

वसुमतीला ती नोट आठवली. ती प्रत्येक वेळी तिला शेठचा चांगुलपणा वाटली होती, आणि स्टेशनवर तिने तिची भेळ खाल्ली होती.

"थोडं बाकी राहिलं की माणूस परत येणार," शेठ म्हणाले. "आमच्यात खातं शून्य कधी होतं? दुकान उठतं तेव्हा. भांडण होतं तेव्हा. नाहीतर माणूस जातो, तेव्हा त्याची पोरं येऊन मिटवतात. मला सांगा, मी मेलो?"

"नाही हो, चांगले दिसताय."

"मग तुम्ही मेलात?"

"अजून नाही. शाळा उघडली की मरेन."

शेठ हसले नाहीत. "ते पण मी जेवायला गेलो असताना. मशीनवर. आणि वर दोन टक्के माझे गेले."

अर्थशास्त्रात बी.ए. करताना देणं फेडल्याबद्दल माफी कशी मागायची हे वसुमतीला कोणी शिकवलं नव्हतं. "चुकलं माझं. मला परत उधारीवर घ्या," ती म्हणाली.

"अर्ज घेऊन उधार देतात त्या बँका."

मग तिला काय झालं तिचं तिलाच कळलं नाही. तिने बाजूच्या ढिगातून एक ताका ओढला, खांद्यावर टाकला आणि पायऱ्या उतरू लागली.

"मावशी! बिल?" जिगर ओरडला.

"खात्यावर लिही. दिवाळीला बघू."

"काकाऽ! ओ काका!"

वसुमती रस्त्यावर पोचली. चोरीचा तिला अजिबात सराव नव्हता. पोलीस, डहाणूतली बदनामी, मुलीच्या लग्नात कोणीतरी काढलेला विषय, इथपर्यंत डोकं जाऊन आलं.

"बेन!" शेठ पायरीवर येऊन उभे होते. "ते खाकी आहे. तुमची एक पण शाळा खाकी नाही."

"माहीत आहे!"

"मग चोरता तर कामाचं चोरा ना! या परत. ए जिगर, चा मंगाव. आदुवाळी."

आल्याचा चहा आला, गोदाम उघडलं. भिलाडच्या टेलरने निम्मेच ताके उचलले होते. उरलेल्याचे पैसे त्याला नंतर द्यायचे होते आणि शेठ त्याला अजून तेवढे ओळखत नव्हते. ते निम्मे वसुमतीला मिळाले. कमी पडणारं मिलमधून नव्या खेपेत येणार होतं. "रंगाची गॅरंटी नाही," शेठ म्हणाले. ती जाताना त्यांनी ब्लडप्रेशर विचारलं, आणि ते कार्ड फक्त बटणांसाठी ठेवायचं असं तिच्याकडून वदवून घेतलं.

रंगाची गॅरंटी नव्हतीच. जुना मरून बिटासारखा, नवा कोकम सरबतासारखा. हिराबाईने दोन बाह्या शेजारी धरल्या आणि म्हणाली, "बाय, सख्ख्या नाही, सावत्र बहिणी." वसुमतीने लहान वर्गांना एक रंग दिला, मोठ्यांना दुसरा, आणि शाळा उघडली त्या दिवशी स्वतः जाऊन फाटकाशी उभी राहिली. प्रार्थनेला रांगा लागल्या. कोणी आंधळ्यानेही ओळखलं असतं. ट्रस्टींच्या सौभाग्यवती गाडीतून उतरल्या, थबकल्या, आणि मुख्याध्यापकांनी वसुमतीकडे असं पाहिलं की ती खरं सांगायला तोंड उघडणारच होती.

"हे दोन रंग," सौभाग्यवती म्हणाल्या, "मीच सुचवणार होते. छोटे आणि मोठे वेगळे कळायला हवेत. सर, पुढच्या वर्षी अगदी हेच दोन. जरासुद्धा फरक नको."

"अगदी हेच," मुख्याध्यापक म्हणाले.

वसुमतीने हायवेपर्यंतही धीर धरला नाही. फाटकातूनच वापीला फोन लावला. "शेठ, शाळा राहिली! पण त्या मिलवाल्यांना विचारा, दुसऱ्या खेपेला नेमकं काय चुकलं होतं? आठवतंय का त्यांना?"

"बेन," रमणीकभाई म्हणाले, "मिल दर वेळी चुकते. पण तीच चूक परत?"

पुढच्या जूनपर्यंतची काळजी तिला तिथेच, उभ्या उभ्या मिळाली.