सुमनताईंशिवाय झालेला डेमो

१७ ऑगस्ट २००४, मंगळवार, दुपारच्या जेवणाआधी. जागा: नाशिकमध्ये गंगापूर रोडवरचं आमचं ऑफिस, दुसरा मजला, मीटिंगची खोली. हजर: आमचे मालक देशपांडे सर, प्रोग्रामर सचिन, द्राक्षं निर्यात करणाऱ्या कंपनीचे दोन साहेब आणि मी. गैरहजर: सुमनताई. त्यांना सुट्टी घ्यायला मीच सांगितलं होतं.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आमच्या घरात अमावस्येलासुद्धा कुणी लिंबू-मिरची बांधत नाही. कामांची यादी करायची आणि काम संपलं की त्यापुढे ‘झालं’ असं लिहायचं, ही माझी पद्धत. टिक मी मारत नाही. घाईत ती भलत्याच ओळीपुढे पडते. पण त्या दिवसाचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही...

आमची कंपनी लहान होती. द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर करायची – कुठल्या बागेचा माल, किती पेट्या, कुठल्या गाडीत. ते नीट चालतंय का हे तपासायचं काम माझं आणि सुमनताईंचं. आमची रीत अशी, की सुमनताई शेजारी बसून कागदावरची एकेक पायरी मोठ्यानं वाचायच्या. "बागायतदाराचं नाव टाका." मी टाकायचे, स्क्रीनवर बरोबर आलंय ना ते बघायचे आणि म्हणायचे, "झालं." मग पुढची पायरी. माझं ‘झालं’ कानावर पडल्याशिवाय त्या पुढची ओळ वाचत नसत. एकदा मला ठसका लागला, तर पाणी पिऊन होईस्तोवर बाई बोट ओळीवर ठेवून बसल्या होत्या.

त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. माहेर चांदवडकडचं, सासर एकलहऱ्याला. यजमानांना अर्धांगवायू झालेला. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही.

त्या उन्हाळ्यात सरांनी ऑटोमेशनचं टूल आणलं. नाशकात तेव्हा हे कुणी ऐकलेलंही नव्हतं. आपण एकदा टेस्ट करायची, ते माऊस आणि कीबोर्डची प्रत्येक हालचाल टिपून ठेवतं, आणि नंतर माणसाशिवाय सगळं जसंच्या तसं करून दाखवतं. त्या टिपलेल्या कामाला स्क्रिप्ट म्हणायचं. रेकॉर्डिंगला आम्ही दोघीच बसलो, नेहमीसारख्या. त्या वाचत होत्या, मी करत होते.

"मशीन आलं म्हंजे मी कुठं बसायचं, जया?" त्यांनी मधेच विचारलं.

"तुम्ही त्याला वाचून दाखवा."

"ते ऐकंल का माझं? घरात बी कोनी ऐकत नाय."

आम्ही दोघी हसलो. सर मला आधीच म्हणाले होते – डेमो पार पडला की टेस्टिंगला दोन माणसं कशाला, एक पुरे. मी ते सुमनताईंना सांगितलं नाही. वेळ आली की सांगू, असं ठरवलं.

पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवली तेव्हा खोलीत सचिन आणि मी होतो. माऊसचा बाण आपला आपण सरकला, पहिल्या खान्यात नाव टाइप झालं... आणि सगळं थांबलं. सचिननं पुन्हा चालवलं. तिथंच थांबलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवलं. तिथंही तेच. मी डबा उघडत होते. स्क्रीनवर नाव बरोबर आलेलं दिसलं आणि सवयीनं तोंडातून गेलं, "झालं."

बाण पुढच्या खान्यात गेला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पुन्हा थांबला. पुन्हा मी म्हटलं. पुन्हा पुढे गेला. मग सचिन ओरडला, "झालं, झालं, झालं!" ढिम्म हललं नाही.

"मॅडम, हे आमच्या आईसारखंय," तो म्हणाला. "माझं ऐकत नाही, बायकोचं लगेच ऐकतं."

हसला, पण कॉम्प्युटरची मागची बाजू तपासायला टेबलाखाली शिरला. माईक नव्हता. आमच्या ऑफिसात एकाही मशीनला माईक नव्हता. टूलमध्ये आवाज टिपायची सोयच नव्हती. त्यानं मधल्या वेळेची सेटिंग्ज बदलून पाहिली, स्क्रिप्टचा मजकूर ओळ न् ओळ वाचला. त्यात थांबण्याची एकही सूचना नव्हती. शेवटी आम्ही ठरवलं, सरांना सांगायचं नाही. डेमोला मी जवळ बसेन आणि हळूच म्हणेन.

डेमोच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "उद्या सुमनताई खोलीत नकोत. साहेबांना वाटायचं, अजून वाचून वाचूनच चाललंय." मी सुमनताईंना सांगितलं, उद्या काम नाही, घरी थांबा. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "बरं झालं, ह्यांना एक दिवस गरम जेवायला घालीन."

मंगळवारी स्क्रिप्ट सुरू झाली. नाव टाइप झालं. थांबली.

इथंच खरं सांगायचंय. मी लगेच बोलले नाही. मनात आलं, गप्प बसले तर हे असंच अडकून राहील. साहेब उठून जातील, सर टूल कपाटात टाकतील, आणि उद्या सुमनताई नेहमीसारख्या पोळीचा डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसतील. एवढंच करायचं होतं... काही न करणं. सचिन माझ्याकडे बघत होता. एका साहेबानं घड्याळ पाहिलं. सर म्हणाले, "जयश्री, चाललंय ना?" त्या आवाजात असं काही होतं की मला माझीच नोकरी आठवली.

"झालं," मी म्हटलं.

बाण पुढे गेला, आणि मग थांबलाच नाही. पुढच्या कुठल्याही पायरीवर नाही, त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. स्क्रिप्ट शेवटपर्यंत धावली, सगळं हिरवं, म्हणजे पास, आलं. साहेबांनी सरांचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सुमनताई आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधी म्हणाल्या, "काल जेवायच्या वेळेला तू मला हाक मारलीस का गं?"

"मी? मी इथं होते."

"तेच तर. ह्यांना भात भरवत होते, आन् शेजारी बसल्यावानी तुझा आवाज आला. ‘झालं’ म्हनालीस. मी आपली सवयीनं पुढची ओळ म्हनले, ‘प्लॉट नंबर टाका.’ हे घाबरले ना! म्हने, सुमन, कोनाशी बोलतीस?" त्या हसत होत्या. मग हसणं थांबवून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तूच होतीस का?"

बागायतदाराच्या नावानंतरची पायरी प्लॉट नंबरचीच होती.

"भास झाला असेल," मी म्हटलं. "दमलाय तुम्ही."

महिनाअखेरीस त्यांना काढलं. सरांनी सांगायचं काम माझ्यावर टाकलं आणि मी ते केलं, व्यवस्थित, सगळे कागद हातात देऊन. त्या भांडल्या नाहीत. जिन्यात मात्र थांबल्या. "जया, त्या दिवशी बोलली ती तूच ना? येवढं सांग. म्हंजे मला येड नाय लागलं हे तरी कळंल." मी म्हटलं, बस चुकेल तुमची.

सचिन आता पुण्याला असतो. विषय काढला की म्हणतो, मॅडम, सोडा ना. मी सगळी कारणं तपासून पाहिली – मशीन संथ होतं, योगायोग होता, आम्ही दोघं भ्यायलो होतो. एकलहऱ्यातल्या त्या भाताच्या ताटापर्यंत यातलं एकही कारण पोहोचत नाही.

सुमनताई अजून तिथंच राहतात. माझ्या घरून तासाभराचाही रस्ता नाही. या रविवारची यादी समोर आहे. गॅसचा नंबर लावणे, झालं. इस्त्रीचे कपडे आणणे, झालं. लाइटबिल, झालं. खाली एक ओळ आहे, जी मी दर आठवड्याला नव्या यादीत उतरवून घेते: ‘एकलहरे. सुमनताईंना सांगणे, की मीच बोलले होते.’

त्यापुढची जागा कोरी आहे.