दुसऱ्या किल्लीचा पत्ता

"तुम्ही नक्की काय करता हो?" असं कुणी विचारलं की सुचेताताई म्हणायच्या, "नव्या भाडेकरूला मालकाचं कपाट दाखवते." आता यातून समोरच्याला काय कळणार, कपाळ! पण बाई खरंच बोलत होती.

भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात मच्छीमार होड्यांसाठी छोट्या पेट्या बनतात. होडी कुठे आहे ते घरच्यांना मोबाइलवर दिसतं. पेटी चालू केली की आधी बूटलोडर नावाचा चिमुकला प्रोग्राम जागा होतो आणि तो ऑपरेटिंग सिस्टिमला उठवतो. त्याची सेटिंग्ज फ्लॅश मेमरीच्या एका कोपऱ्यात असतात. तो कोपरा कुठे, केवढा, हे सिस्टिमला लिहून कळवावं लागतं, नाहीतर नव्या भाडेकरूसारखी ती जागा मोकळी समजून आपलं सामान तिथे भरते. ते लिहायचं काम बावीस वर्षं ताईंकडे. एक आकडा चारदा तपासतील आणि चहा पिऊन पाचव्यांदा.

उत्तन गावच्या होड्यांवर नव्या अकरा पेट्या बसल्या. एक होती मार्कच्या होडीवर. त्याची बायको गर्ट्रूड म्हणजे ताईंची जुनी मैत्रीण. "तुझा नवरा कुठे आहे ते तुला घरबसल्या दिसेल, माझा शब्द," ताई तिला म्हणाल्या होत्या.

शनिवारी ताई तिच्याकडे जेवायला गेल्या, तर गर्ट्रूड आणि त्या, दोघी दाराबाहेर! किल्ली बाजारात कुठेतरी पडली होती. "दुसरी हाय ना बाय, पडवीतल्या डब्यात," म्हणत गर्ट्रूड शोधायला लागली, तर डबाच गायब. सून टिनाने तो रिकामा समजून भंगारवाल्याला देऊन टाकला होता.

"तिची चूक न्हाय," गर्ट्रूडने कपाळाला हात लावला. "त्यात किल्ली हाय ह्ये मीच तिला सांगितलं न्हाय."

ताई पोट धरून हसल्या. शेवटी मार्कने येऊन कुलूप तोडलं.

परतीच्या बसमध्ये, मोरवा गाव मागे पडल्यावर, ताईंचं हसू एकदम आटलं. त्या सेटिंग्जच्याही दोन प्रती असतात. पहिली बिघडली तर दुसरीवर पेटी उठते. नव्या पेट्यांच्या सिस्टिमसाठी लिहिलेल्या वर्णनात आपण दुसरीची जागा लिहिली का? तशाच गाळ्यावर गेल्या, फाइल उघडली. नव्हती लिहिली.

"सगळ्या पेट्या चालतायत ना ताई?" मालक जितेंद्र म्हणाला. "मग कशाला बोभाटा?"

"आज चालतायत. भर समुद्रात पहिली प्रत बिघडली आणि दुसरीवर सिस्टिमने सामान भरलेलं असलं, तर पेटी उठणार नाही. तोवर मी काय देव पाण्यात घालून बसू?"

होड्या सोमवारी निघणार होत्या. रविवारी सकाळीच ताई लॅपटॉप घेऊन धक्क्यावर हजर. अकराही पेट्यांतलं वर्णन दुरुस्त केलं. दहांमधली दुसरी प्रत शाबूत होती. मार्कच्या पेटीत मात्र सिस्टिमने त्या प्रतीवर आपल्या नोंदी लिहून टाकल्या होत्या.  त्यांनी तिथे नवी प्रत ठेवली, पेटी तीनदा बंद-चालू करून पाहिली आणि थेट गर्ट्रूडच्या दारात गेल्या.

"चूक माझी होती गं. मार्कच्या पेटीतली दुसरी प्रत पुसली गेली होती. आता नीट केलीय. पण लक्षात आलं नसतं तर माझा शब्द खोटाच पडला असता."

गर्ट्रूड आत निघून गेली. रागावली, ताईंना वाटलं. आणि का नाही रागावणार! तेवढ्यात ती बाहेर आली, ताईंचा हात धरून त्यांना परसात घेऊन गेली आणि कपडे धुवायच्या दगडामागची फट दाखवली.

"नव्या कुलपाची दुसरी किल्ली हितं हाय," ती म्हणाली. "टिनाला दाखवलीय. आता तुला."